पायीं चालणारा आणि पायगाडीवाला



सकाळीं फिरावयास निघालेले एक वयस्क गृहस्थ आणि कामाच्या घाईनें सायकलीवरून चाललेला एक तरुण यांची रस्त्याच्या कडेला गांठ पडते. घंटी वाजते. गृहस्थ दचकतात आणि नेमके ज्या बाजूस सरकूं नये त्याच बाजूस सरकतात. सायकल डळमळते, तरुण पाय टेकतो, आणि मग दोघांचींहि तोंडें सुटतात. ‘ही चालण्याची जागा आहे,’ असें एक म्हणतो. ‘ही सायकलींची वाट आहे,’ असें दुसरा म्हणतो. खालीं पाहावें तों दोघांचेंहि म्हणणें थोडेंथोडें खरें असतें. फरशीवर सायकलीचें पुसट झालेलें चित्र असतें, आणि शेजारचा पदपथ उभ्या वाहनांनीं व विक्रीच्या मालानें इतका भरलेला असतो कीं, त्या गृहस्थांस तेथून चालणें शक्यच नसतें.

असें भांडण पाहिलें म्हणजे आपण चटकन निवाडा करून मोकळे होतों. आपण पायीं चालणारे असलों तर सायकलवाले माजले आहेत असें म्हणतों. सायकलवाले असलों तर लोकांना रस्त्यानें चालण्याची शिस्त नाहीं असें म्हणतों. परंतु हें भांडण दोनशें वर्षांहून जुनें आहे. सायकलीला पॅडल बसण्याच्याहि आधींचें आहे. इतकीं वर्षें, इतक्या देशांत, इतक्या निरनिराळ्या स्वभावांचीं माणसें एकाच रीतीनें भांडत आलीं, त्या अर्थीं त्याचें मूळ केवळ स्वभावांत नसावें. तें कोठें आहे, हें आज आपणांस पाहावयाचें आहे.

आरंभ जर्मनींतील मानहाइम शहरीं झाला. बाडेनच्या राज्यांतील कार्ल फॉन ड्राइस नांवाच्या वनाधिकाऱ्यानें दोन चाकें एकामागें एक बसवून एक लांकडी यंत्र तयार केलें. त्यावर बसावयाचें, आणि पायांनीं जमीन मागें रेटीत पुढें जावयाचें. १२ जून १८१७ रोजीं तो या यंत्रावर बसून शहराबाहेर कांहीं मैल गेला आणि सुमारें तासाभरांत परत आला. पुढील वर्षीं इंग्लंडमध्यें डेनिस जॉन्सन यानें याच धर्तीच्या गाडीचें पेटंट घेतलें, तेव्हां तिच्या नांवांतच त्यानें ‘पादचारी’ हा शब्द घातला. आपल्याकडेहि जुन्या मंडळींनीं सायकलीस ‘पायगाडी’ म्हटलें. म्हणजे जन्मसमयीं ही गाडी पायीं चालणाऱ्याचीच होती. तिच्यावरील मनुष्य अधिक लांब ढांगा टाकणारा पादचारीच होता.

मग भांडण कां लागलें? याचें उत्तर त्या काळच्या रस्त्यांत आहे. घोडागाड्यांच्या जड चाकांनीं रस्त्यांत खोल चाकोऱ्या पडत. चार चाकांची गाडी चाकोरींतून चालूं शकते. परंतु जिला तोल सांभाळावा लागतो ती दोन चाकांची गाडी तींत अडकते आणि स्वारास आडवें करते. स्वारास सपाट जमीन हवी होती, आणि शहरांत सपाट जमीन एकच होती, ती म्हणजे पदपथ. स्वार पदपथावर आले, चालणारे ओरडले, आणि डिसेंबर १८१७ मध्यें, म्हणजे त्या पहिल्या फेरीला सहा महिने होतात न होतात तोंच, मानहाइममध्यें पदपथावर हें यंत्र चालविण्यास बंदी झाली. १८१८ मध्यें मिलान, १८१९ मध्यें लंडन आणि न्यूयॉर्क, आणि १८२० मध्यें आपल्या कलकत्त्यांतहि असेच मनाईचे हुकूम निघाले. पदपथ बंद आणि रस्ता अशक्य, अशा कोंडींत सांपडून ही पहिली पायगाडी थोड्याच वर्षांत नाहींशी झाली. चालणाऱ्यांचा विजय झाला. पण रस्त्यावरच्या चाकोऱ्या होत्या तशाच राहिल्या.

पुढें पॅडल आलें, रबरी धाव आली, १८८५ मध्यें स्टार्लीची दोन सारख्या चाकांची सायकल आली आणि १८८८ मध्यें डनलॉपची हवा भरलेली धाव आली. आतां कायद्यापुढें असा प्रश्न उभा राहिला कीं, या वस्तूस म्हणावें तरी काय? इंग्लंडमध्यें १८३५ च्या रस्तेविषयक कायद्यानें पदपथावरून जनावर किंवा गाडी हांकण्यास मनाई केली होती. १८७९ मध्यें एका खटल्यांत तेथील न्यायालयानें सायकल ही ‘गाडी’च होय असा निर्णय दिला, आणि १८८८ च्या कायद्यानें तो पक्का केला. त्याच कायद्यानें, पुढील वाहनास, जनावरास किंवा पायीं चालणाऱ्यास ओलांडतांना सायकलवाल्यानें घंटी वाजवून किंवा अन्य रीतीनें ऐकूं येईल अशी सूचना द्यावी, असें बंधन घातलें. ज्या घंटीवरून आपल्या त्या दोन गृहस्थांचें भांडण जुंपलें, तिची कुळकथा अशी आहे. तिचा हेतु ‘बाजूला हो’ असें दरडावण्याचा नव्हता. ‘मी मागून येत आहें’ एवढी खबर देण्याचा होता. सायकल निःशब्द चालते हाच तिच्याविषयींचा एक मोठा आक्षेप होता. घोड्याच्या टापा दुरून ऐकूं येतात. सायकल अंगावर येईपर्यंत कळत नाहीं.

गेल्या शतकाच्या आधींच्या शतकाचीं शेवटचीं दहा वर्षें म्हणजे युरोप-अमेरिकेंत सायकलींच्या भराचीं वर्षें. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांत प्रॉस्पेक्ट पार्कपासून कोनी आयलंडच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत सुमारें ५½ मैलांची स्वतंत्र सायकलवाट जून १८९४ मध्यें खुली झाली. अमेरिकेंतील ही पहिली सायकलवाट समजतात. गर्दी इतकी झाली कीं, १८९६ मध्यें परतीसाठीं दुसरी वाट करावी लागली. त्याच सुमारास वेगानें सायकल पिटाळणाऱ्या तरुणांविरुद्ध न्यूयॉर्कमध्यें मोठी ओरड झाली. पुढें अमेरिकेचे अध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट तेव्हां तेथील पोलीसखात्याचे प्रमुख होते. त्यांच्या कारकीर्दींत या उच्छृंखलांस पकडण्याकरितां पोलिसांचेंच एक सायकल-पथक उभें राहिलें. १८९९ मध्यें या पथकांतील एका शिपायानें विजेवर चालणारी भाड्याची मोटार भरधाव हांकणाऱ्या चालकाला पाठलाग करून पकडलें. मोटारीला सायकलीनें गांठावें असे दिवस त्यानंतर फार काळ राहिले नाहींत.

येथून पुढें या इतिहासास निराळें वळण लागलें. १९३४ मध्यें ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसें मृत्युमुखीं पडलीं; त्यांत जवळजवळ निम्मे पायीं चालणारे होते आणि सायकलवालेहि पुष्कळ होते. लेस्ली होअर-बेलिशा हे त्या सालीं वाहतूकमंत्री झाले. त्यांनीं पादचाऱ्यांसाठीं रस्ता ओलांडण्याच्या खुणेच्या जागा केल्या, आणि डिसेंबर १९३४ मध्यें लंडनच्या पश्चिमेस वेस्टर्न अ‍ॅव्हेन्यू या रस्त्याच्या कडेनें २½ मैलांची, साडेआठ फूट रुंदीची सायकलवाट उघडली. सायकलवाल्यांनीं कृतज्ञता व्यक्त करावी अशी अपेक्षा होती. परंतु त्यांच्या जुन्या संघानें या वाटेस कडाडून विरोध केला. त्यांचें म्हणणें असें कीं, आज सोय म्हणून बाजूला काढाल आणि उद्यां मुख्य रस्त्यावरील आमचा हक्कच काढून घ्याल.

या विरोधांत हट्ट होता, पण दूरदृष्टीहि होती. हेतु प्राण वाचविण्याचा होता, आणि पुढील वर्षीं वस्तीच्या भागांत मोटारींस ताशीं ३० मैलांची मर्यादाहि घालण्यांत आली, हें नमूद केलें पाहिजे. तथापि घडलें तें हें कीं, रस्त्याचा मधला सगळा पट्टा मोटारीचा ठरला, आणि चालणारा व सायकलवाला हे दोघे उरलेल्या कडेचे वाटेकरी झाले. पुढें पुढें तर सायकलवाट नव्यानें बांधण्याचाहि खर्च टाळून, आहे त्याच पदपथावर एक पांढरी रेघ ओढावी किंवा नुसती पाटी लावावी, आणि सायकलींची सोय झाली असें जाहीर करावें, ही रीत अनेक देशांत पडली. १८१७ मध्यें चाकोऱ्यांनीं सायकलवाल्यास पदपथावर ढकललें होतें. आतां मोटारीनें ढकललें.

आणि दोघांना एका अरुंद पट्ट्यांत कोंबलें म्हणजे तंटा हा ठेवलेलाच. चालणारा तासाला सुमारें ५ किलोमीटर जातो, सायकलवाला सहज २०. वेग चौपट झाला कीं आघाताची शक्ति सोळापट होते, असें पदार्थविज्ञान सांगतें. शिवाय चालणारा वाटेल तेव्हां थांबतो, वळतो, मुलाचा हात धरण्यास वांकतो. तो त्याचा स्वभावधर्मच आहे. सायकलीचा तोल मात्र गतीवर राहतो. थांबणें म्हणजे तिला जवळजवळ पडणेंच. दोघेहि सज्जन असले तरी त्यांच्या हालचालींचें व्याकरणच निराळें आहे. आज विजेवर चालणाऱ्या वजनदार सायकली त्याच पट्ट्यांत आल्यामुळें हें अंतर आणखी वाढलें आहे.

या संघर्षाचें फळ कधींकधीं अत्यंत दारुण असतें. २०१६ मध्यें लंडनमध्यें रस्ता ओलांडणारी एक स्त्री सायकलीच्या धडकेनें दगावली. त्या सायकलीस पुढचा ब्रेक नव्हता. खटला उभा राहिला तेव्हां सायकलवाल्यास लावण्याजोगें नेमकें कलम सांपडेना. अखेर बेफाम गाडी हांकण्याविषयींच्या १८६१ च्या, म्हणजे घोडागाडीच्या काळांतल्या कायद्याखालीं २०१७ मध्यें त्यास १८ महिन्यांची शिक्षा झाली. मोटारींनीं होणाऱ्या मृत्यूंच्या मानानें असे मृत्यु फार थोडे असतात, हें खरें. पण ज्याचें माणूस गेलें त्यास हें प्रमाण सांगून समाधान होत नाहीं.

तर मग यांतून मार्ग नाहीं काय? तो कांहीं शहरांनीं काढला आहे. हॉलंडमध्यें १९७१ या एका वर्षांत रस्त्यांवर सुमारें ३,३०० माणसें मेलीं, आणि त्यांत चारशेंहून अधिक मुलें होतीं. तेव्हां ‘बालहत्या थांबवा’ अशा नांवाची चळवळ उभी राहिली. तींत शाळेस चालत जाणाऱ्या मुलांचे आईबाप आणि सायकल चालविणारे नागरिक एकमेकांविरुद्ध उभे राहिले नाहींत. दोघांनीं मिळून मोटारीच्या मधल्या पट्ट्याकडे बोट दाखविलें. १९७३ च्या तेलटंचाईनें त्यांच्या म्हणण्यास बळ दिलें. मोटारीची जागा कमी करून दोघांस निरनिराळी जागा देण्याचें धोरण तेथें हळूहळू रुजलें. डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरांत तीन पायऱ्या दिसतात: सर्वांत खालीं मोटारींचा रस्ता, त्याहून थोडी उंच सायकलवाट, आणि तिच्याहून उंच पदपथ. मधला कांठ आंधळ्याच्या काठीलाहि कळतो; पुसट रेघ कळत नाहीं. आणि जेथें बसमधून उतरणारा प्रवासी सरळ सायकलवाटेवर उतरतो, तेथें सायकलवाल्यानें थांबलें पाहिजे असा तेथील नियम आहे. ब्रिटिश सरकारनेंहि २०२० मध्यें आपल्या मार्गदर्शक नियमांत लिहून ठेवलें कीं, सायकल हें वाहन समजावें, आणि शहरांतील रस्त्यांवर तिला पादचाऱ्यांपासून निराळी जागा द्यावी. मानहाइमनें पदपथ बंद करून जो प्रश्न अर्धा सोडविला होता, त्याचें उरलेलें अर्धें उत्तर लिहावयास दोनशें वर्षें लागलीं.

आतां आपल्या घराकडे वळूं. पुण्याला एके काळीं सायकलींचें शहर म्हणत. दिवा नाहीं म्हणून किंवा डबलसीट बसविलें म्हणून पोलिसानें अडविल्याच्या गोष्टी तेथल्या अनेक घरांत अजून सांगितल्या जातात. पुढें स्वयंचलित दुचाक्या आल्या, सायकली अडगळींत गेल्या. आणि २००६ नंतर बसगाड्यांच्या स्वतंत्र मार्गांबरोबर कडेला सायकलवाटा आंखण्यांत आल्या. २०१७ मध्यें शहरानें सायकलींचा सविस्तर आराखडाहि मंजूर केला. परंतु वाट आंखणें निराळें आणि मोकळी ठेवणें निराळें. पदपथ व्यापला कीं चालणारा सायकलवाटेवर येतो. सायकलवाट व्यापली कीं सायकलवाला पदपथावर चढतो. दुचाक्या शिरूं नयेत म्हणून रोवलेले खांब सायकलीलाच आडवे येतात.

याचा अर्थ असा नव्हे कीं, जागा मिळेपर्यंत सभ्यतेस सुट्टी द्यावी. ज्याच्या हातून इजा अधिक होऊं शकते, त्याच्या अंगीं जबाबदारी अधिक, हें तत्त्व ब्रिटनच्या रहदारी-नियमांत २०२२ मध्यें स्पष्ट शब्दांत घातलें गेलें, आणि तें कोठल्याहि देशांत खरें आहे. मोटारवाल्यानें सायकलवाल्यास सांभाळावें, सायकलवाल्यानें पायीं चालणाऱ्यास. घंटी वाजवावी ती लांबून, आणि वाजविल्यावर वेग कमी करावा. पायीं चालणाऱ्यानेंहि वाट ओलांडतांना एकदां मागें वळून पाहावें.

परंतु त्या सकाळच्या दोन गृहस्थांचें भांडण पुन्हां कधीं दृष्टीस पडलें, तर कोणाची बाजू घ्यावी हें ठरविण्यापूर्वीं क्षणभर त्यांच्या पायांखालची जागा पावलांनीं मोजून पाहावी. ती बहुधा दोन-तीन पावलें भरेल. मग मान वर करून रस्त्याचा उरलेला भाग किती आहे, आणि तो कोणाकडे आहे, हें पाहावें. ते दोघे एकमेकांशीं भांडत असतात, तेव्हां त्या उरलेल्या भागाविषयीं कोणीच बोलत नसतें.