छांग-ज्र-ज्यू-आन
दीर्घकालीन सुव्यवस्था व चिरस्थायी शांतता या अर्थाचा चार अक्षरी चिनी वाक्प्रचार. ‘छांग’ म्हणजे दीर्घ, ‘ज्यू’ म्हणजे चिरकाल व ‘आन’ म्हणजे शांतता. ‘ज्र’ या शब्दाने राज्यकारभार व त्यातून निर्माण होणारी सुव्यवस्था असे दोन्ही अर्थ व्यक्त होतात.

वाक्प्रचाराचा उगम हान वंशाचा सम्राट वन (कार. इ. स. पू. १८०–१५७) यास ज्या यी (इ. स. पू. सु. २००–१६८) या विद्वानाने सादर केलेल्या निवेदनात आढळतो. ते बान गू याच्या हान शू या इतिहासग्रंथात समाविष्ट आहे. त्यात हे दोन शब्दगट लागोपाठच्या उपवाक्यांत स्वतंत्रपणे आले असून पुढे ते एकत्र रूढ झाले.

हान वंशाचा संस्थापक ल्यू बांग याने साम्राज्याच्या पूर्व भागात आप्तांना राज्ये दिली होती. त्यांच्याकडे स्वतःचे सैन्य व महसूल असे. इ. स. पू. १७७ मध्ये जीबेईच्या राजाने बंड केले, तर इ. स. पू. १७४ मध्ये ह्वायनानच्या राजाचा कट उघडकीस आला. तरीही देशात शांतता नांदत असल्याचे दरबारी सांगत. सरपणाखाली विस्तव ठेवून त्यावर निजणाऱ्या माणसाशी ज्या यीने या स्थितीची तुलना केली. मोठ्या राज्यांची वारसांत वाटणी करून प्रत्येकाचे बळ कमी करावे, हा त्याचा उपाय होता.

सम्राटाने तो अंशतः स्वीकारला. इ. स. पू. १६४ मध्ये छी व ह्वायनान या राज्यांची विभागणी झाली. परंतु वू व छू ही राज्ये प्रबळ राहिली. सम्राट जिंगच्या काळात त्यांचे प्रदेश कमी केले जाताच इ. स. पू. १५४ मध्ये सात राज्यांनी उठाव केला. ज्या यीच्या सल्ल्यानुसार बळकट केलेल्या ल्यांग राज्याने बंडखोरांना थोपविले आणि सु. तीन महिन्यांत उठाव मोडला. इ. स. पू. १२७ मध्ये सम्राट वू याने जूफू यानच्या सूचनेवरून वारसांत प्रदेशवाटणीचे धोरण सर्वत्र लागू केले. त्यामुळे राजांची सत्ता क्रमाने क्षीण झाली.

आधुनिक चीनच्या शासकीय भाषेत हा वाक्प्रचार राज्याचे ध्येय म्हणून येतो. २०१४ मध्ये शिंज्यांगविषयक धोरणाचे उद्दिष्ट सांगताना साम्यवादी पक्षाने सामाजिक स्थैर्यासोबत त्याचा उपयोग केला. मूळ निवेदनात मात्र तो प्रस्थापित शांततेचा गौरव नसून, अशांततेची कारणे वेळीच दूर करण्याविषयी राज्यकर्त्याला दिलेला इशारा आहे.