एक बिल, अनेक वाटेकरी : कंटेनर क्लस्टरचा खर्च कोणाच्या खात्यावर?

क्लाऊड कंपनीचे मासिक बिल हाती पडते तेव्हा त्यावर यंत्रांची नोंद असते, कामांची नसते. अमुक क्षमतेचे इतके सर्व्हर, इतके तास, इतके डॉलर. त्या सर्व्हरवर कोणत्या विभागाचे कोणते काम चालले होते, याचा त्यात सहसा मागमूस नसतो. एका सर्व्हरवर एकच काम चाले तेव्हा ही अडचण नव्हती. आता एकाच सर्व्हरवर डझनावारी कंटेनर दाटीवाटीने नांदतात. एखादा बंद पडला की काही क्षणांत त्याची नवी प्रत दुसरीकडे उभी राहते. अशा वेळी कोणाच्या वाट्याला किती खर्च घालायचा, हा प्रश्न लेखापालाला आणि अभियंत्याला सारखाच सतावतो.

कंटेनर म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणारा सारा लवाजमा एकत्र बांधलेले गाठोडे. अशा गाठोड्यांना सर्व्हरच्या ताफ्यावर, म्हणजेच क्लस्टरवर, जागा नेमून देणारी सर्वाधिक प्रचलित प्रणाली म्हणजे कुबरनेटीस. गुगलने ती जून २०१४ मध्ये जाहीर केली आणि जुलै २०१५ मध्ये तिची १.० ही आवृत्ती आली. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा असा आहे. (सुकाणू धरणाऱ्याकडे नावेच्या भाड्याचा हिशेब मात्र कोणी सोपवलेला नाही. कुबरनेटीसला रुपये-डॉलर कळत नाहीत.)

मागणी आणि वापर

खर्चाची खरी मेख 'मागणी' या नोंदीत आहे. प्रत्येक कंटेनरसाठी किती प्रोसेसर आणि किती मेमरी राखून ठेवावी, हे अभियंता आधी लिहून देतो. कुबरनेटीस जागा देते ती या मागणीनुसार, प्रत्यक्ष वापरानुसार नव्हे. साहजिकच 'असू द्या चार जास्तीचे' ही वृत्ती बळावते. राखीव जागा रिकामी पडून राहते आणि दुसऱ्यांसाठी नवा सर्व्हर भाड्याने घ्यावा लागतो.

एक काल्पनिक हिशेब मांडून पाहता येईल. ८ कोअर आणि ३२ जीबी मेमरीच्या सर्व्हरचे मासिक भाडे २०,००० रुपये आहे, असे धरू. त्यातील १२,००० रुपये प्रोसेसरचे आणि ८,००० मेमरीचे मानले, तर एक कोअर १,५०० रुपयांना आणि एक जीबी २५० रुपयांना पडतो. पहिल्या विभागाने ४ कोअर व ८ जीबी मागितले, पण वापरला जेमतेम १ कोअर. दुसऱ्याने १ कोअर व ८ जीबी मागून प्रत्यक्षात २ कोअर वापरले. दोघांचीही मेमरी मागणीच्या मर्यादेत राहिली.

आकारणीची रूढ पद्धत अशी, की मागणी आणि वापर यांपैकी जे अधिक, ते धरायचे. म्हणजे पहिल्याचे ८,००० रुपये आणि दुसऱ्याचे ५,०००. उरलेले ७,००० रुपये कोणीच न मागितलेल्या, रिकाम्या क्षमतेचे. ते कोणी भरायचे? खर्चाच्या प्रमाणात वाटले तर पहिल्याचे बिल सुमारे १२,३०८ आणि दुसऱ्याचे ७,६९२ होते. समान वाटले तर ११,५०० आणि ८,५००.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या सभासदांना हा वाद नवा नाही. महाराष्ट्रातील आदर्श उपविधींनुसार सेवाशुल्क सर्व सदनिकांना समान असते, पाण्याचा आकार मात्र नळजोडांवरून ठरतो. आणि लिफ्टचा देखभाल खर्च तळमजल्यावरील सभासदालाही चुकत नाही. क्लस्टरमध्येही कोणतीही एक पद्धत निर्विवाद नाही. तरीही रिकामी क्षमता विभागांच्या बिलात विरघळवून टाकण्यापेक्षा ती वेगळ्या ओळीत दाखवणे अधिक प्रामाणिक ठरते. सर्व्हर किती मोठे आणि किती घ्यायचे, हा निर्णय बहुधा क्लस्टर सांभाळणाऱ्यांचा असतो. त्याचा भुर्दंड इतरांच्या माथी का?

हिशेबाची साधने

या आकारणीला सर्वमान्य रूप देण्याचा प्रयत्न 'ओपनकॉस्ट' या मुक्त प्रकल्पाने केला. कुबकॉस्ट या कंपनीच्या पुढाकाराने तो सुरू झाला आणि २०२२ मध्ये क्लाऊड नेटिव्ह कॉम्प्युटिंग फाऊंडेशनच्या छत्राखाली गेला. कुबकॉस्ट २०२४ मध्ये आयबीएमने विकत घेतली. अॅमेझॉननेही २०२४ मध्ये आपल्या कुबरनेटीस सेवेच्या बिलात कंटेनरनिहाय विभागणी उपलब्ध करून दिली.

साधन कोणतेही असो, नावाची पाटी नसेल तर ते हतबल ठरते. प्रत्येक कामावर विभाग, प्रकल्प आणि 'चाचणी की प्रत्यक्ष' अशी लेबले असावी लागतात. ती नंतर चिकटवू म्हटले, तर मागील महिन्यांचा खर्च 'इतर' या सदरात गडप होतो. शिवाय साधनातील आकडे छापील दरांवर बेतलेले असू शकतात. दीर्घ मुदतीच्या करारात किंवा केव्हाही परत घेतल्या जाणाऱ्या स्पॉट सर्व्हरवर मोठी सवलत मिळते. अॅमेझॉन स्पॉटसाठी ९० टक्क्यांपर्यंतचा दावा करते. म्हणून महिनाअखेरीस प्रत्यक्ष बिलाशी ताळा घ्यावाच लागतो.

सर्व्हरबाहेरचे खर्चही नजरेतून निसटतात. काम बंद केले तरी त्याची डिस्क मागे राहिली की भाडे चालूच. एकाच शहरातील दोन वेगळ्या डेटा केंद्रसमूहांत माहितीची ये-जा झाली तर अॅमेझॉन सर्वसाधारणपणे दर जीबीला प्रत्येक बाजूस १ सेंट आकारते. ही रक्कम नेमक्या कंटेनरच्या नावे लावणे सर्वांत जिकिरीचे. नियंत्रण कक्षासारख्या मुख्य भागाचे भाडे अॅमेझॉनकडे तासाला १० सेंट, म्हणजे महिन्याला सुमारे ७३ डॉलर. पण नेहमीच्या पाठिंब्याची मुदत उलटलेली जुनी आवृत्ती तशीच चालवली तर हाच दर तासाला ६० सेंट होतो.

कपातीतही जोखीम आहे. प्रोसेसर कमी पडला तर काम मंदावते, मेमरीची ठरवलेली कमाल मर्यादा ओलांडली तर कंटेनर तडकाफडकी बंद केला जातो. सणासुदीच्या विक्रीत किंवा निकालाच्या दिवशी ते परवडणारे नाही. त्यामुळे सरासरी पाहून मागणी छाटणे धोक्याचे. गर्दीच्या दिवसांचा वापर आधी तपासावा लागतो. आणि त्यासाठी नोंदी शिल्लक हव्यात. वापर मोजणारी प्रॉमिथिअस ही लोकप्रिय प्रणाली मूळ मांडणीत केवळ १५ दिवसांच्याच नोंदी ठेवते. ही मुदत वाढवली नाही, तर महिन्याचे बिल येईपर्यंत त्याच्या पहिल्या पंधरवड्याचा पुरावा पुसला गेलेला असतो.