ताजमहालाची गळती आणि आमची मोरी

गेल्या उन्हाळ्यात आम्ही बाथरूम फोडलं. फोडायचं कारण मात्र बाथरूममध्ये नव्हतंच. पलीकडच्या खोलीत, कपाटामागे, जमिनीपासून वीतभर उंचीवर भिंतीला ओल धरली होती. रंग फुगला, पोपडे सुटले, अम्मीच्या ठेवणीतल्या रजयांना कुबट वास यायला लागला. दोनदा खरवडून महागाचा वॉटरप्रूफ रंग दिला, दोन्ही वेळा ओल थोडी बाजूला सरकून पुन्हा उगवली. त्यावरून वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांशी तोंडातोंडीही झाली. शेवटी ज्या मिस्त्रीचाचांना बोलावलं त्यांनी डागाकडे नीट पाहिलंही नाही. एवढंच विचारलं, “नल बंद रखे तो सूखती क्या?”

ओल शोधण्याची अर्धी विद्या या प्रश्नात आहे. नळाच्या पाइपात पाणी कायम दाबाखाली असतं. तो झिरपत असेल तर भिंत चोवीस तास ओली राहते. सांडपाण्याची वाट फुटली असेल तर आंघोळी झाल्यावर ओल वाढते आणि चार दिवस घर बंद राहिलं की उतरते. पावसाची ओल ऋतू पाहून येते. डाग दिसतो तिथेच पाणी शिरलेलं असतं असं नाही. फरशीखालच्या कोब्यातून वाट काढत ते भलतीकडेच तोंड काढतं.

चाचांनी मोरीच्या जाळीत फडकं कोंबलं, दोन इंच पाणी भरून ठेवलं आणि म्हणाले, आता थांबायचं. त्या थांबण्यात मला 1652 सालचं एक पत्र आठवलं.

पत्र शहजादा औरंगजेबाचं. कंदाहारची मोहीम फसली होती, दख्खनची सुभेदारी दुसऱ्यांदा पदरात पडली होती आणि तो इकडे यायला निघाला होता. वाटेत आग्र्याला थांबून तो आईच्या कबरीवर गेला. मुमताज महल 1631 मध्ये बुऱ्हाणपूरला वारली; पुढच्या वर्षी आग्र्यात मकबऱ्याचं काम सुरू झालं. 1643 पर्यंत मुख्य इमारत उभी राहिली, भोवतालची कामं पुढेही काही वर्षं चालली. म्हणजे औरंगजेब गेला तेव्हा घुमट जेमतेम दहा वर्षांचा. डिसेंबर महिना, पावसाळा संपून अडीच-तीन महिने झालेले.

‘आदाब-ए-आलमगिरी’ या पत्रसंग्रहातलं हे पत्र वाचताना मुलगा बापाला लिहितोय यापेक्षा एखादा चोख देखरेख्या अहवाल देतोय असं वाटतं. इमारत हुजुरांच्या समोर होती तशीच मजबूत आहे, हे तो आधी सांगतो. मग एकेक जागा मोजतो. मोठा घुमट पावसात उत्तरेकडून, म्हणजे यमुनेच्या अंगाने, गळतो. चार मोठ्या कमानी, दुसऱ्या मजल्यावरचे बहुतेक कोनाडे, चार छोटे घुमट यांना ओल आली आहे. संगमरवराने मढवलेलं छत गेल्या पावसात दोन-तीन ठिकाणी गळलं, ते दुरुस्त केलंय, पण पुढच्या पावसाळ्यात काय होतं ते पाहायचं. मशीद आणि जमातखान्याचे घुमटही गळले होते. पलीकडच्या तीरावरच्या महताब बागेत पुराचं पाणी शिरलं होतं, ते आता ओसरलं आहे. नदीचं पाणी वेगळं आणि पावसाचं वेगळं, यात तो गल्लत करत नाही.

उपायही लिहिलाय. कारागिरांचं म्हणणं असं की दुसऱ्या मजल्याचं छत उकलून रेख्त्याचा नवा थर द्यावा, त्यावर अर्धा गज जाडीचा गिलावा करावा. म्हणजे कमानी आणि छोटे घुमट बहुधा सुधारतील. (रेख्ता म्हणजे मिसळलेलं, ओतलेलं. चुन्याच्या काँक्रीटलाही तोच शब्द आणि उर्दूच्या जुन्या शायरीलाही.) मोठ्या घुमटापुढे मात्र आपला इलाज चालत नाही, अशी त्या कारागिरांनी कबुली दिली. ज्यांनी जगातला सर्वांत देखणा घुमट उभारला त्या परंपरेतल्या माणसांनी बादशहाच्या पोराला ‘जमत नाही’ म्हणून सांगावं आणि त्याने ते तसंच बापाला कळवावं, हे मला या पत्रातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

याच पत्राचा पुढे भलताच वापर झाला. ताजमहाल शहाजहानने बांधलाच नाही असं मांडणाऱ्या पु. ना. ओकांनी ते पुरावा म्हणून पुढे केलं. 1652 मध्येच इमारत गळत होती, म्हणजे ती जुनी असणार, म्हणजे शहाजहानच्या आधीची! ओकांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली फेटाळली, तर्क मात्र अजून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. आपल्या पोरांना त्यावरून शाळा-कॉलेजात टोमणे ऐकावे लागतात आणि बहुतेकांकडे उत्तर नसतं. उत्तर अवघड नाही. पत्रात इमारत जुनी असल्याचं कुठेही म्हटलेलं नाही, उलट मजबूत असल्याचं म्हटलंय. आणि गळायला जुनं असावंच लागतं हे ज्याने नव्या फ्लॅटचा ताबा घेऊन पहिला पावसाळा काढलाय त्याला कुणी पटवून दाखवावं. नवं बांधकाम बसतं, सांधे उघडतात, पाणी तेवढंच शोधत असतं. नदीकाठच्या भुसभुशीत जमिनीत विहिरी खणून घातलेल्या पायावर ताजमहालाचं सगळं ओझं आहे. त्याचे काही सांधे हलले असतील तर नवल नाही. 2024 च्या सप्टेंबरमध्ये आग्र्यात मुसळधार पाऊस झाला तेव्हाही मुख्य घुमटातून पाणी ठिबकलं. पुरातत्त्व खात्याने पाहणी करून इमारतीला धोका नसल्याचं सांगितलं.

आमच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी अर्धा इंच उतरलेलं होतं आणि कपाटामागचा डाग गडद झाला होता. वरचे शेजारी सुटले. मी जाऊन माफी मागून आलो. फरशी काढल्यावर मोरीचा ट्रॅप आणि पाइप यांच्या सांध्यात बोटभर फट दिसली. खालचा विटांच्या तुकड्यांचा कोबा स्पंजासारखा भिजला होता. चाचांनी तो सगळा उकलला, सांधा बदलला, नवा कोबा घातला आणि पुन्हा दोन दिवस पाणी भरून ठेवलं. पाणी हललं नाही.

रंग लगेच देऊ नका, भिंत आतून सुकू द्या, पावसाळा जाऊ द्या, असं सांगून ते गेले. अम्मीने कपाट अजून भिंतीपासून दोन हात लांबच ठेवलंय.