मामूची वही आणि कुर्ल्याची फियाट

३० ऑक्टोबर २०२३, सोमवार. शाळेच्या स्टाफरूममध्ये वर्तमानपत्र उघडले तर बातमी होती की मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी आजपासून रस्त्यावर दिसणार नाही. २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत तिची नोंद झाली होती. मुंबईत टॅक्सीचे आयुष्य वीस वर्षे ठरलेले आहे. ते आदल्या दिवशी संपले.

मी मधल्या सुट्टीत मुंब्र्याला मामूला फोन लावला. कुर्ल्यात त्याचे गॅरेज होते आणि चाळीस वर्षांत त्याने फियाटशिवाय दुसऱ्या गाडीला फारसा हात लावला नाही. मला वाटले, त्याला वाईट वाटेल. तो म्हणाला, "टॅक्सी बंद झाली. मास्तरांची अजून चालू आहे ना?"

त्या उत्तरामुळे मी हा लेख लिहायला बसलो.

आपला इतिहास शोधायचा म्हटले की आपण मराठी मुसलमान थेट बहामनी, निजामशाही, आदिलशाहीत जातो. शाळेत मीही तेच शिकवतो. पण आपल्या बहुतेकांच्या घरात सुलतान नव्हते. आपल्या घरात गवंडी होते, शिंपी होते, विणकर होते, खलाशी होते, ड्रायव्हर होते, मिस्त्री होते. त्यांचा इतिहास कुठे आहे? माझ्यापुरता तो एका वहीत आहे. पण आधी गाडीबद्दल.

सोलापुरात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी आगबोटींची सिंदिया कंपनी उभी केली, बंगळूरला विमानांचा कारखाना काढला, विशाखापट्टणमला जहाजबांधणी सुरू केली. मोटार हिंदुस्थानातच तयार झाली पाहिजे हा त्यांचा आणखी एक ध्यास. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार झाला, १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे इटलीच्या फियाटशी हातमिळवणी झाली. १९५३ मध्ये वालचंद गेले. ज्या गाडीमुळे कुर्ला घरोघरी माहीत झाले, ती फियाट ११०० त्यानंतर आली.

या गाडीच्या पहिल्या अवताराला लोकांनी 'डुक्कर फियाट' नाव ठेवले होते. पुढचे नाक बघितले की नाव का पडले ते कळते. मामूच्या उस्तादांना मात्र हा शब्द तोंडून काढायचा नसे. ते तिला 'वो बुढ़िया' म्हणत. एखाद्या गिऱ्हाइकाने "माझी डुक्कर आणलीय" म्हटले की गॅरेजमधली पोरे हसू दाबत आणि उस्ताद शांतपणे म्हणत, "लाइए, बुढ़िया को अंदर लाइए."

१९६४ मध्ये डिलाइट आली. सत्तरच्या दशकात फियाटचे नाव जाऊन प्रेसिडेंट झाले आणि मग पद्मिनी. लोक मात्र शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. तो परमिटचा काळ होता. गाडीसाठी नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. बाजारात निवड अशी नव्हतीच, फियाट नाही तर अँबॅसेडर. कलकत्त्याने टॅक्सीसाठी अँबॅसेडर घेतली, मुंबईने फियाट. आकाराने आटोपशीर, गल्लीत वळायला सोपी. गिअरचा दांडा स्टिअरिंगला, त्यामुळे पुढची सीट सलग, ड्रायव्हरशेजारी दोघे सहज बसत. टपावर कॅरियर, त्यावर गावाहून आलेल्यांच्या ट्रंका आणि वळकट्या. मीटर बाहेर, बॉनेटच्या डाव्या बाजूला. ड्रायव्हर खिडकीतून हात लांब करून त्याचा झेंडा खाली पाडायचा, म्हणून 'मीटर डाऊन'.

गाडी साधी होती. चार सिलिंडर, १०८९ सीसी, पेट्रोल. साधी असल्यामुळे ती सतत काही ना काही मागायची. महिन्याला ट्यूनिंग. पॉइंट घासायचे, प्लग साफ करायचे, कार्बोरेटर खोलून फुंकायचा. प्लगमधले अंतर मामू करवतीच्या पात्याने मोजायचा. उन्हाळ्यात पेट्रोल पंपात वाफ धरली की गाडी भर रस्त्यात बंद. मग त्यावर ओले फडके टाकायचे आणि दहा मिनिटे थांबायचे. घाट चढायचा तर रेडिएटरसाठी पाण्याचा डबा सोबत हवाच.

आजची गाडी वर्षातून एकदा दाखवायला नेतात. फियाट महिन्यातून एकदा तरी मिस्त्रीकडे यायची आणि मालक तिच्या बाजूला स्टुलावर बसून राहायचा. वर्षाला बारा वेळा, वीस-वीस वर्षे. माणसे ओळखीची होणार नाहीत तर काय होईल? मैत्री करायची असे कुणी ठरवले नव्हते. गाडी बिघडायची म्हणून माणसे भेटायची.

मामूच्या गॅरेजमध्ये सकाळी रात्रपाळीचे टॅक्सीवाले येत. त्यांत उत्तर प्रदेशातले भैया, मंगळूरकडचे, आमच्या कोकणातले. दिवसपाळीवाल्याच्या हाती गाडी देण्याआधी हवा, पाणी, ब्रेक बघून घेत. दहानंतर खाजगी गाड्यांचे मालक. परळचे डॉक्टर, शीवचे बँकेतले काका आणि दादरचे निवृत्त शाळामास्तर, ज्यांनी प्रॉव्हिडंट फंडाच्या पैशांतून जुनी फियाट घेतली होती. मास्तर आले की पोरांना पाढे विचारत. चुकले तर चहा पोराने आणायचा, बरोबर आले तर पैसे मास्तरांचे. पैसे दोन्ही वेळेला मास्तरच देत, हे मला फार उशिरा लक्षात आले.

भाषा शिकवणारा म्हणून आज त्या गॅरेजचे शब्द आठवतात तेव्हा गंमत वाटते. उस्ताद, शागीर्द, कारागीर, दुरुस्ती हे शब्द फारसीतून आलेले. मिस्त्री आणि चावी पोर्तुगीजांकडून. चोक, प्लग, क्लच, बॉनेट इंग्रजी. चाक आणि भाडे आपले जुने. शुद्ध भाषेचा आग्रह धरला असता तर तिथे एक नट सैल झाला नसता.

सगळे गोडगोड होते असे मी म्हणणार नाही. काही गिऱ्हाइके गॅरेजचे पाणी पीत नसत, बाटली घरून आणत. मामूला ते दिसे, तो बोलत नसे. दसऱ्याला गॅरेजमधली हिंदू पोरे पाने, जॅक, पक्कडी पुसून मांडत आणि फुले वाहत. मामू अडवत नसे आणि सामीलही होत नसे. तेवढा वेळ तो समोरच्या हॉटेलात चहा घेत बसे. नंतर पेढा घेई आणि कामाला लागे. ईदला शीरखुर्म्याचे डबे गिऱ्हाइकांच्या गाड्यांतून जात, पुढच्या फेरीला रिकामे परत येत. मास्तरांच्या घरून डबा कधी रिकामा आला नाही. कधी लाडू, कधी चकल्या.

मग डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ आले. मी तेव्हा आठवीत होतो. मुंबईचे काय झाले ते श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात आहे, ते इथे पुन्हा सांगत नाही. गॅरेजचे एवढेच झाले की पत्रे फोडले गेले, हत्यारे गेली, दुरुस्तीला आलेली एक टॅक्सी जळाली. मामूने फेब्रुवारीत उसनवारीच्या पान्यांवर पुन्हा शटर उघडले. टॅक्सीवाले आले. खाजगी गाड्या येईनात. आठवडा गेला, दुसरा गेला.

तिसऱ्या आठवड्यात मास्तरांची फियाट वळणावर दिसली. उतरून म्हणाले, "सकाळी स्टार्टिंगला त्रास देते." मामूने बॉनेट उघडले, मला चावी फिरवायला सांगितली. पहिल्या चावीला सुरू झाली. त्याने बंद करून पुन्हा सुरू करायला लावली. पुन्हा पहिल्या चावीला. मामूने मास्तरांकडे बघितले. मास्तर स्टुलावर बसून रस्त्याकडे बघत होते. मामूने चारही प्लग काढले, पुसले, परत लावले. मग चहा मागवला. त्या दिवशी पाढे कुणी विचारले नाहीत.

आता वही. मामू हिशेब उर्दू लिपीत ठेवायचा. गिऱ्हाइकाचे नाव नाही, गाव किंवा काम लिहायचा. परळ, काळाचौकी. उर्दूत 'ळ' नाही, म्हणून त्याने स्वतःच एक युक्ती काढली होती, लामखाली टिंब. शेजारी काय केले ते, शेजारी रक्कम. मराठी माणसे, इंग्रजी सुटे भाग, उर्दू अक्षर. दोन वर्षांपूर्वी त्याचे सामान मुंब्र्याला हलवताना अशा अकरा वह्या निघाल्या. मी फेब्रुवारी १९९३ चे पान शोधले. 'मास्तर, दादर' असे लिहिले आहे. कामाच्या रकान्यात लिहिले आहे, 'कुछ नहीं'. रक्कम दहा रुपये.

मास्तरांनी पैसे दिल्याशिवाय जायचे नाकारले असणार आणि मामूने न केलेले काम वहीत लिहायचे नाकारले.

शीवचे बँकेतले काका त्यानंतर कधीच आले नाहीत. त्यांची निळी फियाट दुसऱ्या गॅरेजसमोर उभी असलेली मामूने एकदा बसमधून पाहिली. घरी येऊन एवढेच म्हणाला, "त्यांचा क्लच जायला आला होता. सांगायचं राहून गेलं." पुढे अनेक वर्षे मला काकांचा राग यायचा. आता वाटते, त्यांनाही भीती वाटली असेल. पण भीतीने केलेली गोष्टही गोष्टच असते, आणि तीही इतिहासात लिहावी लागते. वहीत त्यांचे नाव ऑक्टोबर १९९२ ला थांबते. एवढा पुरावा पुरेसा आहे.

फियाटला दंगलीने संपवले नाही. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली तेव्हाच तिचे दिवस भरत आले होते. मध्यमवर्ग हळूहळू तिकडे गेला. टॅक्सीवाले राहिले, कारण सुटे भाग स्वस्त होते आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना माल हवा तो मिळायचा. पुढे न्यायालयाच्या आदेशांनंतर टॅक्सी सीएनजीवर गेल्या, डिकीत सिलिंडर आला. २००० च्या आसपास पद्मिनीचे उत्पादन थांबले. कारखान्याच्या जागेवर आज टोलेजंग वसाहत आहे. नव्या गाडीला कॉम्प्युटर लावल्याशिवाय दोष कळत नाही. तो कॉम्प्युटर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये असतो आणि तिथे स्टूल नसते. मालक काचेपलीकडे एसीत बसतो. गाडीला कुणी हात लावला हे त्याला ठाऊक नसते.

टॅक्सीला वयाची अट आहे, खाजगी गाडीला तशी नाही. पंधरा वर्षांनंतर फिटनेस दाखवून, कर भरून दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवता येते. म्हणून पोटासाठी चालणाऱ्या फियाट भंगारात गेल्या आणि हौसेसाठी ठेवलेल्या उरल्या. रविवारी सकाळी जुन्या गाड्यांचे शौकीन एकत्र जमतात. मी एकदा गेलो होतो. छान माणसे आहेत, एकमेकांना पार्ट देतात, रस्त्यात बंद पडलेल्याच्या मदतीला धावतात. पण कार्बोरेटर बिघडला की तीही माझ्या मामूच्या वयाच्या कुणा मिस्त्रीचाच पत्ता विचारत फिरतात.

मास्तर आता नाहीत. त्यांच्या मुलाने गाडी ठेवली आहे. त्या सोमवारी संध्याकाळी मी त्याला फोन करून मामूचा प्रश्न विचारला. तो म्हणाला, चालू आहे, पण थंडीत स्टार्टिंगला त्रास देते. पुढच्या रविवारी तो गाडी घेऊन मुंब्र्याला आला. मामूला आता वाकता येत नाही. तो खुर्चीत बसून सांगत होता, मास्तरांचा मुलगा आणि मी पाने फिरवत होतो. या वेळी गाडी खरोखरच बिघडलेली होती.

अकरा वह्यांचे मी देवनागरीत लिप्यंतर करतो आहे. तीन झाल्या. माझी एक विनंती आहे. तुमच्या घरात आजोबांची, चाचांची, मामूची अशी हिशेबाची वही असेल, शिंप्याची, खाटकाची, मिस्त्रीची, तर ती रद्दीत देऊ नका. उर्दू वाचता येत नसेल तर मला कळवा. आपण मिळून वाचू.