जनाना स्टुडिओ आणि लग्नाचा अल्बम

लग्न ठरलं की घरात चर्चा सुरू होते: फोटो कँडिड हवेत की पारंपरिक? पण ते काढणार कोण आणि बघणार कोण, हे फारसं कुणी विचारत नाही. हैदराबादेत हा प्रश्न सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच पुढे आला होता.

मीरतजवळच्या सरधना गावी जन्मलेले लाला दीनदयाळ (१८४४-१९०५) रुडकीला अभियांत्रिकी शिकले, इंदूरला नोकरीत असताना कॅमेऱ्याकडे वळले आणि पुढे सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार झाले. आपला मराठवाडाही तेव्हा निजामाच्याच राज्यात होता. पडदानशीन स्त्रियांनाही आपली तसबीर हवी असे, पण परपुरुषासमोर बसणं शक्य नव्हतं. म्हणून १८९२ मध्ये दीनदयाळांनी खास जनाना स्टुडिओ काढला. भोवती उंच भिंती, आत सगळा कारभार केनी-लेव्हिक या इंग्रज बाईंच्या हाती. पडदाही राहिला, हौसही भागली.

आज लग्नाचे फोटो रात्रीपर्यंत शेकडो मोबाइलवर पोहोचतात. तेव्हा फोटोग्राफर ठरवण्याआधी एकदा नवरीला विचारा. महिला फोटोग्राफर हवी का, कोणते फोटो घरातच राहावेत, हे तिलाच ठरवू द्या.