समाजमाध्यमे आणि बातमीची खातरजमा

सामान्य नागरिकाने घटनास्थळावरून माहिती व छायाचित्रे थेट प्रसृत करणे, यास नागरी पत्रकारिता म्हणतात. तिचे सामर्थ्य आणि धोके मुंबईवर २६ नोव्हेंबर २००८ रोजी झालेल्या दहशतवादी हल्ल्याच्या वेळी एकदमच समोर आले. २००६ मध्ये सुरू झालेल्या ट्विटरवर (२०२३ पासून 'एक्स') हल्ल्याचे तपशील आणि रक्तदानाची आवाहने क्षणाक्षणाला येत होती. फ्लिकरवर कुलाबा परिसरातील छायाचित्रे झळकली. मात्र, असे संदेश थांबविण्यास सरकारने सांगितल्याची वार्ताही त्याच ओघात पसरली. बीबीसीने ती आपल्या संकेतस्थळावर दिली. तिची पडताळणी व्हायला हवी होती, असे संपादकांनी नंतर मान्य केले.

पुढे अफवेने बळीही घेतले. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी मुले पळविणाऱ्या टोळीच्या संशयावरून जमावाने पाच जणांना ठार केले. अशा अफवा व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठविण्याची मर्यादा जाहीर केली.

वाचक आता बातमीचा स्रोत आणि वाहकही झाला आहे. त्यामुळे खातरजमेची जबाबदारी केवळ वार्ताहराची उरलेली नाही.