उदासीन कण आणि चुंबकाचा कौल

तुळजापूरच्या भवानीच्या देवळांत प्रदक्षिणेच्या मार्गावर चिंतामणि नांवाचा एक वाटोळा दगड आहे. त्यावर हात ठेवून मनांत प्रश्न धरावयाचा. दगड उजवीकडे वळला तर कार्यसिद्धि, डावीकडे वळला तर नकार आणि स्थिर राहिला तर विलंब, अशी भाविकांची श्रद्धा आहे. त्या श्रद्धेची चिकित्सा करण्याचा आज हेतु नाहीं. परंतु निसर्गाला प्रश्न विचारला असतां तो किती प्रकारचीं उत्तरें देतो, हें सांगण्यास हा दाखला मोठा सोयीचा आहे; कारण १९२२ सालीं अणूला असाच एक प्रश्न विचारण्यांत आला, आणि त्यानें तिसरें उत्तर मुळींच दिलें नाहीं.

प्रश्न विचारणारे होते ऑटो स्टर्न आणि वाल्टर गेर्लाख, व स्थळ होतें जर्मनींतील फ्रांकफुर्ट. त्यांनीं निर्वात पात्रांत चांदी तापवून तिची वाफ केली, बारीक फटींतून तिचा झोत काढला आणि तो एका चुंबकाच्या दोन ध्रुवांमधून नेऊन कांचेवर पडूं दिला. एका ध्रुवास धार होती; त्यामुळें तेथील चुंबकीय क्षेत्र सर्वत्र सारखें नव्हतें. समान क्षेत्रांत चुंबकसूचि नुसती वळते, कारण तिच्या दोन्ही टोंकांवरील ओढ सारखीच असते. असमान क्षेत्रांत एका टोंकावरील ओढ अधिक ठरते आणि सूचि जागची सरकते. चांदीचा अणु विद्युद्भाराच्या दृष्टीनें उदासीन. तेव्हां तो सरकलाच, तर तें केवळ त्याच्या अंगच्या चुंबकत्वामुळें.

जुन्या विचाराप्रमाणें अणूंच्या सूचि सर्व दिशांना असावयाच्या आणि कांचेवर एक सलग पट्टा उमटावयाचा. प्रत्यक्षांत दोन वेगळे ठसे उमटले व मधली जागा रिकामी राहिली! मात्र या निकालाचा अर्थ लावण्यांत चूक झाली. इलेक्ट्रॉनच्या केंद्राभोंवतीं फिरण्याचा हा परिणाम, असें तेव्हां मानलें गेलें. १९२५ सालीं ऊलेनबेक व गाउडस्मिट या डच तरुणांनीं इलेक्ट्रॉनला स्वतःचें परिवलन असतें अशी कल्पना मांडली. त्यानंतरच हे ठसे चांदीच्या सर्वांत बाहेरच्या एकट्या इलेक्ट्रॉनच्या परिवलनाचे आहेत हें उमगलें. प्रयोग अचूक होता. त्याचा अर्थ मागाहून आला.

श्रोतेहो, अणूच्या पोटांत निदान इलेक्ट्रॉन तरी आहेत. पण १९३२ सालीं चॅडविकनें शोधलेल्या न्यूट्रॉनचें काय? त्याला भारच नाहीं; मग चुंबकाशीं त्याचा संबंध कोठला? तरीही १९४० सालीं आल्व्हारेझ आणि ब्लॉख यांनीं कॅलिफोर्नियांत न्यूट्रॉनचें चुंबकत्व मोजून दाखविलें. त्याच्या आंत भारयुक्त क्वार्क असतात, हें आज आपणांस ठाऊक आहे. त्यांच्या भारांची बेरीज शून्य होते, चुंबकत्वाची होत नाहीं. अशा कणावर समान क्षेत्राची क्रिया झाली म्हणजे त्याचा अक्ष क्षेत्राच्या दिशेला जाऊन स्थिरावत नाहीं. तो कललेल्या भोंवऱ्याप्रमाणें त्या दिशेभोंवतीं फिरत राहतो. महाराष्ट्रांतील पृथ्वीच्या क्षीण क्षेत्रांतहि ह्या फेऱ्या सेकंदाला १२०० हून अधिक होतात.

या फिरण्यांत एक नवल आहे. यात्रेकरू एक प्रदक्षिणा घालून मूळ जागीं येतो, तो जसाच्या तसा असतो. न्यूट्रॉनच्या तरंगाचें तसें नाहीं. एका पूर्ण फेरीनंतर त्याच्या शिखराच्या जागीं दरी आलेली असते. पूर्ववत् होण्यास दुसरी फेरी लागते. हें दीर्घकाळ केवळ गणित होतें. १९७५ सालीं राउख व वर्नर यांच्या दोन स्वतंत्र गटांनीं न्यूट्रॉनच्या तरंगाचे दोन फांटे करून एक चुंबकीय क्षेत्रांतून नेला, पुन्हां दोन्ही एकत्र आणले, आणि तें गणित खरें असल्याचें दाखविलें.

आपल्याकडे या विद्येचें पीठ म्हणजे मुंबईजवळचें तुर्भें, म्हणजेच ट्रॉम्बे. ४ ऑगस्ट १९५६ रोजीं तेथें अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली, १९६० सालीं सायरस आली. अन्नवस्त्राची चिंता असलेल्या देशानें अशा सूक्ष्म अभ्यासावर द्रव्य कां वेंचावें, ही शंका रास्तच होती. तिचें एक उत्तर रेडिओच्या पेटींतच सांपडतें. संदेश पकडणाऱ्या दांडीसाठीं निकेल आणि जस्त यांचें फेराइट वापरतात. त्यांत जस्ताचें प्रमाण वाढलें कीं आंतील सूक्ष्म चुंबक एकमेकांशीं तिरपे होतात, हें सत्यमूर्ति व त्यांच्या सहकाऱ्यांनीं न्यूट्रॉनच्या साह्यानें पाहून १९६९ सालीं प्रसिद्ध केलें. पदार्थाच्या आंत शिरून तेथील चुंबकत्वाची वार्ता आणणारा असा दूत दुसरा क्वचितच आढळेल; आणि भार नसल्यामुळेंच त्याला आंत अडथळा कमी!

अप्सरा सुरू झाली त्याच १९५६ सालीं बंगळुरास पंचरत्नम् या तरुणानें प्रकाशतरंगांविषयीं एक सूक्ष्म विचार मांडला होता: तरंगाची कला किती बदलली, याचा कांहीं अंश केवळ त्यानें आक्रमिलेल्या मार्गाच्या आकारावर अवलंबून असतो. न्यूट्रॉनच्या परिवलनांत हा अंश इतर बदलापासून वेगळा काढून मोजण्याचें काम ट्रॉम्बेचे अपूर्व वाघ व वीरचंद राखेचा यांनीं परदेशी सहकाऱ्यांसमवेत तडीस नेलें. तें १९९७ सालीं प्रसिद्ध झालें.

उदासीन म्हणजे अलिप्त, असा आपला व्यवहारांतला समज असतो. पंचाहत्तर वर्षांच्या या प्रयोगमालेनें निदान कणांच्या बाबतींत तरी तो खोटा ठरविला आहे. ज्याच्यावर भार नाहीं, त्यालाहि दिशा असते. आणि योग्य रीतीनें प्रश्न विचारला, तर तो ती सांगतो.